नॉर्थ्रॉप एन-३पीबी (नॉर्वेचे सागरी टेहळणी विमान)

नॉर्थ्रॉप एन-३पीबी हे दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या नौदल हवाई दलाने वापरलेले एक इंजिनाचे, तीन आसनी समुद्री विमान. चाकांऐवजी दोन लांब तरंडे असल्यामुळे ते पाण्यावरून उडत असे आणि पाण्यावरच उतरत असे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर गस्त घालण्यासाठी ते मागवले गेले होते. त्याची सारी लढाऊ सेवा मात्र आइसलँडच्या समुद्रावर झाली. एकूण २४ विमाने बनली आणि ती सगळी नॉर्वेसाठीच होती.

नॉर्वेचा किनारा लांब आणि फ्योर्डांनी, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांनी, चिरलेला आहे. तिथे धावपट्टीला सपाट जागा मिळणे कठीण, शांत पाणी मात्र गावोगावी. त्यामुळे समुद्री विमाने ही या देशाची जुनी गरज होती. हॉर्टेन येथील नौदलाच्या कारखान्यात बनलेली एम.एफ.११ ही दुपंखी विमाने १९३० च्या दशकात टेहळणीचे काम करत. दशक संपेपर्यंत ती जुनाट झाली. त्यांची जागा घेण्यासाठी मार्च १९४० मध्ये नॉर्वेने कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप कंपनीला २४ विमानांची मागणी नोंदवली. जॅक नॉर्थ्रॉप यांनी ही कंपनी जेमतेम वर्षभरापूर्वी काढली होती आणि हे तिचे पहिलेच स्वतःचे विमान ठरले.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. जूनच्या सुरुवातीला राजा आणि मंत्रिमंडळ ट्रोम्सोहून ब्रिटनला गेले. देश हातचा गेला. पण सरकार शरण गेले नव्हते, आणि जगभर फिरणारी नॉर्वेची मोठी व्यापारी जहाजे त्याच्याच ताब्यात होती. विमानांची मागणी कायम राहिली. ती वापरायची कुठे, हा प्रश्न तेवढा उरला.

पहिले विमान १९४० च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील एल्सिनोर सरोवरावरून उडाले आणि मार्च १९४१ पर्यंत सगळी विमाने तयार झाली. संपूर्ण धातूचे, खालच्या बाजूस पंख असलेले हे एकपंखी विमान त्या काळच्या मानाने फार वेगवान होते. राइट सायक्लोन इंजिनाच्या जोरावर ते ताशी सुमारे ४१० कि.मी. वेग गाठत असे. तरंड्यांचा बोजा आणि वाऱ्याला होणारा त्यांचा अडथळा लक्षात घेतला, तर या आकड्याचे मोल कळते. पंखांत जड मशीनगन, मागे हलक्या मशीनगन आणि सुमारे ९०० किलो वजनाचे बाँब किंवा टॉर्पेडो नेण्याची सोय होती. पल्ला अंदाजे १,६०० कि.मी. होता.

वैमानिक कॅनडात घडवले जात होते. टोरांटोच्या बेटावर नॉर्वेने ‘लिटल नॉर्वे’ नावाचा प्रशिक्षण तळ उभारला होता आणि काही विमाने तिथेच ठेवली गेली. एवढे ताकदवान विमान नवख्यांच्या हाती देण्याजोगे नव्हते. जून १९४१ मध्ये टोरांटोच्या बंदरात एक विमान प्रवासी फेरीबोटीवर आदळले आणि आतील दोघे ठार झाले.

एप्रिल १९४१ मध्ये आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे ३३० (नॉर्वेजियन) स्क्वाड्रन स्थापन झाले. माणसे आणि विमाने नॉर्वेची, हुकूम मात्र ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या कोस्टल कमांड या समुद्रावर गस्त घालणाऱ्या विभागाचे. हान्स बुग्गे हे पहिले प्रमुख. खोक्यांत भरलेली १८ विमाने जहाजाने आइसलँडला आली, किनाऱ्यावरच जोडली गेली आणि २३ जून १९४१ रोजी प्रत्यक्ष गस्त सुरू झाली. पुढे स्क्वाड्रनचे तीन भाग पडले. एक रेक्याविकला राहिला, दुसरा उत्तरेला अकुरेयरीला गेला, तिसरा पूर्व किनाऱ्यावर बुदारेयरीला. एका छोट्या स्क्वाड्रनवर तीन दिशांचा समुद्र सोपवला गेला होता.

या समुद्राचे महत्त्व नकाशा पाहिला की कळते. अमेरिकेतून ब्रिटनकडे धान्य, तेल, शस्त्रे नेणारे ताफे आइसलँडच्या दक्षिणेकडून जात. ऑगस्ट १९४१ पासून रशियाकडे जाणारे काही ताफेही आइसलँडच्या ह्वालफ्योर्दुर या फ्योर्डमधून निघू लागले. या ताफ्यांत नॉर्वेचीही कितीतरी जहाजे असत. घर गमावलेल्या या वैमानिकांना खाली आपलाच झेंडा लावलेले जहाज दिसणे ही नेहमीची गोष्ट होती.

एन-३पीबीच्या तुकडीने दीड वर्षात हजाराहून अधिक उड्डाणे केली. त्यांत ताफ्यांचे संरक्षण आणि पाणबुड्यांचा शोध यांचा वाटा मोठा होता. दुर्गम भागांतील रुग्णांना नेण्याचे कामही या विमानांनी केले. पाणबुड्यांवर अनेक हल्ले झाले, पण एकही बुडाली नाही. फोके-वुल्फ २०० या लांब पल्ल्याच्या जर्मन विमानांशीही चकमकी झडल्या. एवढ्यावरून ही सेवा निष्फळ ठरवणे मात्र चूक आहे. त्या काळची जर्मन पाणबुडी पाण्यावर ताशी १७ सागरी मैल धावे, पाण्याखाली जेमतेम सात. विमान दिसले की तिला बुडी मारावीच लागे, आणि बुडी मारली की ताफा हातचा निसटे. ताफ्यावर घिरट्या घालणारे एकाकी विमान बाँब न टाकताही आपले काम करत असे. बुडवलेल्या पाणबुड्या मोजणाऱ्या हिशेबात हे काम कुठेच दिसत नाही.

यू-५७० या पाणबुडीच्या प्रसंगात एन-३पीबीचे नाव जरा वेगळ्या कारणाने येते. २७ ऑगस्ट १९४१ रोजी आइसलँडच्या दक्षिणेस ती ब्रिटिश हडसन विमानापुढे शरण आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोहोचलेल्या एन-३पीबीला शरणागतीची खबर नव्हती. त्याने पाणबुडीवर बाँब टाकले आणि जवळच्या ब्रिटिश सशस्त्र ट्रॉलरवर (मासेमारीच्या बोटीसारख्या लढाऊ नौकेवर) गोळ्याही झाडल्या. ट्रॉलरनेही उलट मारा केला. सुदैवाने मोठी हानी झाली नाही आणि पाणबुडी पुढे ‘ग्राफ’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली.

खरा शत्रू हवामान होते. अचानक उतरणारे धुके, हिमवादळे, फ्योर्डांच्या तोंडाशी उभे डोंगर आणि पंखांवर साचणारा बर्फ. इंजिन एकच, ते बंद पडले तर खवळलेल्या अटलांटिकवर उतरणे तरंड्यांना पेलणारे नव्हते. आइसलँडला आलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाली.

१९४२ मध्ये स्क्वाड्रनला कॅटालिना उडत्या नौका (बुडाच्या जोरावर पाण्यावर तरंगणारी विमाने) मिळाल्या. १९४३ च्या सुरुवातीला ते स्कॉटलंडमधील ओबान येथे गेले आणि तिथे चार इंजिनांची संडरलँड विमाने त्याच्याकडे आली. आज ३३० क्रमांकाचे हे स्क्वाड्रन नॉर्वेत हेलिकॉप्टरने शोध व बचावाचे काम करते.

मागे उरलेली एन-३पीबी मोडीत निघाली. एकाचे नशीब वेगळे होते. २१ एप्रिल १९४३ रोजी बुदारेयरीहून रेक्याविककडे निघालेले विमान हिमवादळात सापडले. वैमानिक बुलुकिन यांनी ते हिमनदीच्या पाण्याने वाहणाऱ्या थ्योर्सा नदीत उतरवले. विमानातील दोघेही वाचले, विमान गाळात रुतले. १९७९ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी ते बाहेर काढले आणि नॉर्वेच्या हवाई दलाच्या मालवाहू विमानातून ते कॅलिफोर्नियात, बनवणाऱ्या कंपनीकडेच पोहोचले. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पुनर्बांधणी पूर्ण झाली, तेव्हा जॅक नॉर्थ्रॉप हयात होते. ३२० क्रमांकाचे ते विमान पुढे नॉर्वेला नेण्यात आले. या प्रकारचे संपूर्ण स्थितीतील तेवढे एकच विमान आज शिल्लक आहे.