कोळसा खाणीतील परप्रांतीय मजूर आणि 'मालक' या शब्दाची पार्श्वभूमी

विदर्भातील खाणींतून दीपनगरच्या वीज केंद्राकडे येणाऱ्या कोळशाच्या वाघिणी भुसावळ परिसराला नव्या नाहीत. पण तो कोळसा काढणारा मजूर नेमका कोणाच्या नोकरीत असतो, हे खानदेशात सहसा कोणी विचारत नाही, कारण आपल्याकडे कोळशाची खाण नाही. तरी हा प्रश्न आपल्याला परका म्हणता येणार नाही. नवापूर, धडगाव, साक्री, चाळीसगाव या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या आणि आखाजीच्या आगेमागे परतणाऱ्या जोडप्यांना 'तुमचा मालक कोण' असे विचारले, तर ते मुकादमाचे नाव सांगतात, कारखान्याचे क्वचितच सांगतात. कोळशाच्या खाणीतही एके काळी हेच उत्तर मिळत असे. ते उत्तर कायद्याने कुठे बदलले, कुठे अर्धवट बदलले आणि कुठे पुन्हा जुन्या वळणावर गेले, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

जुना इतिहास थोडक्यात असा. राणीगंजला 1774 मध्ये कोळसा काढण्यास सुरुवात झाली, तरी मोठ्या प्रमाणावर मजूर लागू लागले ते रेल्वे आल्यावर. आपल्या बाजूला वरोऱ्याची सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. बंगाल-बिहारच्या पट्ट्यात आरंभीचा मजूर आसपासच्या गावांतलाच होता. खाणमालक जमीनदारीचे हक्क विकत घेत, शेताचा तुकडा कसायला देत आणि त्याच्या बदल्यात वर्षातले ठरावीक दिवस खाणीत काम करण्याची अट घालत. नवरा कोळसा फोडी आणि बायको तो टबात, म्हणजे खाणीतल्या छोट्या वाघिणीत, भरून ओढी; मोबदला टबावर मिळे आणि तो एकत्र मिळे. पुढे खाणी वाढल्या, झरियाचे कोळसा क्षेत्र भरात आले, तेव्हा बिलासपूर, ओडिशा, संयुक्त प्रांत अशा लांबच्या मुलखांतून माणसे आणावी लागली. ती आणणारा सरदार किंवा ठेकेदार आगाऊ रक्कम देई, माणशी दलाली घेई आणि खाणीच्या तोंडाशी उभा राहून हिशेबही तोच करी. कोळसा काढून देण्याचा सगळा ठेका एकाच माणसाला देण्याची पद्धत रूढ झाली होती, आणि त्यामुळे खाणीच्या वहीत मजुराचे नाव नव्हे, ठेकेदाराने दिलेल्या टबांची संख्या चढे.

1931 मध्ये आलेल्या कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालाने ही ठेक्याची पद्धत बंद व्हावी, असे स्पष्ट मत दिले. ती बंद झाली नाही. उलट त्याच काळात दुसऱ्या एका निर्णयाने लांबच्या मजुरांची गरज वाढवली. स्त्रियांना जमिनीखालच्या कामातून टप्प्याटप्प्याने दूर करण्याचे नियम 1929 मध्ये झाले. हेतू चांगला होता, पण जोडप्याच्या कमाईतली अर्धी बाजू त्यामुळे गेली आणि कुटुंबासह येणारा जवळचा मजूर खाणीपासून दुरावला. त्याच्या जागी एकटा, लांबून आलेला पुरुष आला. युद्धकाळात कोळसा कमी पडला तेव्हा 1943 मध्ये हीच बंदी उठवण्यात आली आणि 1946 मध्ये पुन्हा लागू झाली. दरम्यान 1942 पासून गोरखपूरहून सरकारी भरती केंद्रामार्फत मजूर आणले जाऊ लागले. त्यांना खाणींजवळच्या वेगळ्या छावण्यांत ठेवले जाई, त्यांच्यावर वेगळी देखरेख असे आणि मजूर संघटनांना तिथे शिरकाव मिळू नये अशी काळजी घेतली जाई. म्हणजे भरती एकाची, छावणी दुसऱ्याची आणि कोळसा तिसऱ्याचा. मजुराने तक्रार घेऊन कोणापुढे जावे, याचे सरळ उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. युद्ध संपल्यावरही ही पद्धत बरीच वर्षे टिकली.

आता मूळ शब्दाकडे. 'मालक' या एका मराठी शब्दात आपण तीन निरनिराळ्या जबाबदाऱ्या भरतो, आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत होणारा बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो. पहिली जबाबदारी अपघाताची, दुसरी मजुरीची आणि तिसरी नोकरीची, म्हणजे हा माणूस आमचा आहे असे मान्य करण्याची. कोळशाच्या बाबतीत कायद्याने पहिली सर्वांत घट्ट बांधली, दुसरी बऱ्यापैकी बांधली आणि तिसरी बांधता बांधता सोडून दिली.

अपघाताच्या भरपाईचा कायदा 1923 चा होता. आपल्या धंद्याचे काम कोणी ठेकेदाराकरवी करून घेतले आणि त्यात मजूर जखमी झाला किंवा दगावला, तर काम देणाऱ्यानेच भरपाई द्यावी, जणू त्याने तो मजूर थेट कामावर ठेवला होता. नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, असे त्यात तेव्हाच लिहिले गेले. 1952 च्या खाण अधिनियमाची व्याख्या त्याच वळणाची आहे. खाणीचा प्रत्यक्ष धनी, पट्टेदार किंवा कब्जेदार हा मालक. केवळ स्वामित्वधन किंवा भाडे घेणारा मालक नव्हे. ठेकेदारालाही मालकासारखाच कायदा लागू, पण त्यामुळे मूळ मालकाची सुटका होत नाही. हे शेवटचे कलमवाक्य माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. त्याच अधिनियमात खाणीत 'कामावर असलेला' कोण, याची व्याख्याही अशीच रुंद केलेली आहे: मालक, एजंट किंवा मॅनेजर यांनी नेमलेला, किंवा मॅनेजरला ठाऊक असताना काम करणारा, मग त्याला मजुरी मिळो वा न मिळो. पगारपत्रकावर नाव नाही, एवढ्या कारणाने माणूस खाणीबाहेरचा ठरू नये, ही काळजी त्यात उघड दिसते. 1975 च्या 27 डिसेंबरला धनबादजवळ चासनाला येथील खाणीत पाणी शिरून 372 माणसे गेली, तेव्हा खाली नेमके कोण होते हे हजेरीच्या नोंदींवरूनच ठरवावे लागले. अशा वेळी त्या व्याख्येचे वजन कळते.

मजुरीची जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने बांधली. त्यात काम करवून घेणाऱ्यासाठी जो 'प्रिन्सिपल एम्प्लॉयर' हा शब्द आला त्याला मराठीत कधी 'मुख्य नियोक्ता' म्हणतात, तर कधी 'मूळ मालक'. दोन्ही शब्द अपुरे आहेत, कारण ऐकणाऱ्याला वाटते की मुख्य म्हणजे खरा मालक आणि ठेकेदार केवळ नावाचा. कायद्याचा अर्थ तसा नाही. ठेकेदार हाच मजुराचा नियोक्ता राहतो. मुख्य नियोक्ता हा त्याचा जामीनदार असतो, असे म्हटले तर ते अधिक जवळ जाईल. ठेकेदाराने मजुरी मुख्य नियोक्त्याच्या प्रतिनिधीसमक्ष वाटायची, त्याने ती दिली नाही किंवा कमी दिली तर मुख्य नियोक्त्याने भरायची आणि ठेकेदाराच्या बिलातून कापायची. खाणीपुरता मुख्य नियोक्ता म्हणजे खाणीचा मालक किंवा एजंट आणि मॅनेजर म्हणून नेमला असेल तर तोही, असे नावानिशी सांगून ठेवलेले आहे. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण 1971 ते 1973 या काळात झाले आणि 1975 च्या 1 फेब्रुवारीला कोळसा काढणे, त्याची चढ-उतार, वरची माती काढणे, जमिनीखालचे दगडकाम अशा कामांत कंत्राटी मजूर लावण्यास केंद्राने बंदी केली. 1931 मध्ये सुचवलेली गोष्ट कागदावर यायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

पण बंदी आली म्हणजे ठेक्यातला मजूर कोणाचा झाला? कायद्याने ठेका बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला. ठेका बंद झाल्यावर त्या माणसांचे काय, याबद्दल तो गप्प होता. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पोकळी भरली: ठेका बंद झाला की मधला माणूस बाजूला होतो आणि मजूर आपोआप मुख्य नियोक्त्याचा होतो, असा तो निकाल होता. पाच वर्षांनी, 2001 मध्ये, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फिरवला. कायद्यात आपोआप सामावून घेण्याची तरतूद नाही, ती न्यायालयाने वाचून घालू नये. ठेका केवळ दिखाऊ होता असे सिद्ध झाले तरच मजूर मुख्य नियोक्त्याचा ठरेल, आणि तो दिखाऊ होता की नव्हता हे औद्योगिक न्यायाधिकरणाने पुरावा घेऊन ठरवावे. ठेका खरा असेल आणि त्यावर बंदी आली, तर नियमित भरतीत जुन्या मजुरांना प्राधान्य द्यावे आणि वयाची व शिक्षणाची अट शिथिल करावी, एवढा दिलासा त्यात होता.

या निकालाच्या बाजूने म्हणता येईल ते असे, की कायद्याच्या शब्दांपलीकडे जाऊन लाखो नोकऱ्या निर्माण करणे हे न्यायालयाचे काम नाही, आणि ज्या सार्वजनिक उद्योगांत भरतीचे नियम आहेत तिथे मागच्या दाराने भरती होऊ नये. विरुद्ध बाजूने म्हणायचे ते मजुराच्या ठिकाणी उभे राहूनच म्हणता येते. ठेका दिखाऊ होता हे सिद्ध करण्यासाठी हजेरीपट, गेटपास, देखरेखीचे आदेश, साहित्य कोणाचे याची कागदपत्रे लागतात. ती सगळी खाणीच्या किंवा ठेकेदाराच्या ताब्यात असतात. स्थानिक मजूर निदान साक्षीदार उभे करू शकतो. परप्रांतीय मजूर ठेका संपताच गावी गेलेला असतो, त्याची टोळी दुसऱ्या ठेकेदाराकडे दुसऱ्या राज्यात असते आणि न्यायाधिकरणाची तारीख वर्षानुवर्षे पुढे जात राहते. निकालाने मजुराला दार बंद केले असे म्हणणे चूक ठरेल. पण ज्याला ते दार उघडणे सर्वांत कठीण त्याच्याकडेच किल्ली मागितली, असे म्हणावे लागते.

खाणींनीही दरम्यान वेगळी वाट धरली होती. उघड्या खाणींमध्ये वरची माती काढण्याचे काम मोठमोठ्या निविदांद्वारे खासगी कंपन्यांकडे गेले, आणि त्या निविदांचा विषय अनेकदा 'अवजड यंत्रे भाड्याने घेणे' असा असतो. भाड्याने यंत्र घेतले जाते. ते चालवणारा माणूस त्या ओळीत कुठेच नसतो. बंदी नेमकी कुठवर लागू आणि सवलत कुठे, यावर वाद होत राहिले. 2013 मध्ये कोल इंडियाच्या उच्चाधिकार समितीने (हाय पॉवर कमिटी) ठेकेदारी कामगारांसाठी वेगळे वेतनदर सुचवले, त्यांना खाणपट्ट्यात 'एचपीसी' म्हणूनच ओळखतात. वणी-चंद्रपूरच्या भागात आज मजुरांचे भांडण मालकीवर फारसे नसते, एचपीसी दर हातात पडतो की नाही यावर असते. नोकरीचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नात विरघळला, तो असा.

ईशान्येकडे स्थिती याहून बिकट आहे, कारण तिथे मालकच सापडत नाही. मेघालयात जमीन खासगी वा जमातीची, कोळसा जमीनदाराचा, मजूर आणणारा 'सरदार', आणि मजूर आसाम, नेपाळ किंवा गारो टेकड्यांतला. 2014 मध्ये हरित न्यायाधिकरणाने उंदराच्या बिळांसारख्या या खाणींवर बंदी घातली. तरी 13 डिसेंबर 2018 रोजी पूर्व जयंतिया टेकड्यांत नदीचे पाणी शिरून पंधरा मजूर अडकले आणि जानेवारी 2025 मध्ये आसामच्या दिमा हसाओ जिल्ह्यात तशाच खाणीत नऊ जण अडकले; त्यातला पहिला मृतदेह मिळाला तो नेपाळच्या मजुराचा. 1952 च्या व्याख्येतला 'मॅनेजरला ठाऊक असताना' हा शब्दप्रयोग तिथे निरुपयोगी होतो, कारण मॅनेजर नेमलेलाच नसतो.

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी स्वतंत्र कायदा 1979 मध्ये झाला, त्याच्या मुळाशी ओडिशातली 'दादन' मजुरीची, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन मजूर परराज्यात नेण्याची, पद्धत होती. पाच किंवा अधिक मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना, प्रत्येक मजुराला छायाचित्र लावलेली पासबुक, परत न घेता येणारा विस्थापन भत्ता, प्रवासखर्च आणि जिवावरचा अपघात झाल्यास दोन्ही राज्यांना व घरच्यांना कळवणे, एवढे सगळे त्यात होते. खाण असो वा कारखाना, पुढच्या जबाबदाऱ्या तिथेही मुख्य नियोक्त्यावर येत होत्या. नंदुरबारच्या किती कोयत्यांनी, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्यांनी, अशी पासबुक हातात घेतली, हे कोणत्याही मुकादमाला विचारून पाहावे.

खाण अधिनियम, कंत्राटी कामगार कायदा आणि हा 1979 चा कायदा हे तिन्ही आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. स्वतःहून परराज्यात गेलेला मजूरही आता स्थलांतरित कामगार मानला जातो आणि कल्याणसुविधांची जबाबदारी थेट मुख्य नियोक्त्यावर आली आहे, या दोन गोष्टी निश्चित जमेच्या. विस्थापन भत्ता मात्र गेला, स्थलांतरितांसाठीची अट पाचवरून दहा मजुरांवर गेली आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची अट वीसवरून पन्नासवर. खाणीतल्या मोठ्या ठेक्याला पन्नासची अट अडचणीची नाही. ऊसतोडीत मुकादमाला ठेकेदार मानले, तर पंधरा कोयत्यांच्या टोळीत तीस माणसे असतात आणि ती अटीच्या आत येत नाही. शिवाय कोयता म्हणजे जोडपे, एवढेच मुकादमाची वही जाणते. तिथे नाव नवऱ्याचे असते, आणि झरियातल्या जुन्या टबांच्या वहीप्रमाणे मोळ्या बांधणाऱ्या बाईची मोजणी त्याच नावात झालेली असते.