दिसायला सारखं, कढईत वेगळं: आपल्या दुकानात सामान निवडताना

न्यू जर्सीतल्या आपल्या दुकानात भारतीय, थाई, चिनी आणि कोरियन माल एकाच छपराखाली मिळतो. त्यामुळे दिसायला सारखी, पण स्वयंपाकात वेगळी वागणारी पाकिटं शेजारीशेजारी असतात. मराठी घरांतले पदार्थ नेमके कोणत्या पाकिटांमुळे फसतात, ते इथे दिलं आहे.

साबुदाणा

एकादशीच्या आदल्या दिवशी सर्वांत जास्त गडबड इथे होते. आपला साबुदाणा आणि थाई-चिनी रांगेतले टॅपिओका पर्ल्स, दोन्ही टॅपिओकाच्या कंदापासूनच होतात. फरक पुढच्या प्रक्रियेत आहे. भारतात, मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागात, दाणे वाफेवर किंवा तव्यावर अर्धवट शिजवून मग वाळवतात. म्हणून ते भिजवले की फुगतात आणि आकार धरून राहतात. पांढरे थाई दाणे बहुधा कच्च्या स्टार्चचे असतात आणि थेट उकळत्या पाण्यात सोडायचे असतात. ते रात्री भिजत घातले तर सकाळी भांड्याच्या तळाशी लगदा मिळतो आणि खिचडीचा बेत बारगळतो.

पाकिटामागची कृती वाचा. ‘उकळत्या पाण्यात टाका’ एवढंच असेल तर ते पाकीट खिचडीचं नाही. घरी आधीच आणलेलं असेल तर चमचाभर दाणे वाटीत पंधरा मिनिटं भिजवा. दाणा ढासळला तर खीर करा. त्या दाण्यांची खीर फार छान होते.

तांदळाची पिठी

तीन डोक्यांच्या हत्तीची, म्हणजे एरावान छापाची थाई पिठी बरेच जण मोदकांसाठी नेतात. पिशवीवरच्या अक्षरांचा रंग बघा. लाल अक्षरं म्हणजे साधी तांदळाची पिठी, हिरवी म्हणजे चिकट तांदळाची आणि निळी म्हणजे टॅपिओका स्टार्च. नुसत्या हिरव्या पिशवीतल्या पिठीचे मोदक वाफेत बसतात, कळ्या मिटून जातात आणि चाळणीला चिकटतात. लाल पिशवीतली पिठी घ्या. एका वाटीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप घालून उकड काढा आणि गरम असतानाच पाण्याच्या हाताने भरपूर मळा. पारीला चिरा जात असतील तर पुढच्या वेळी वाटीमागे एक टेबलस्पून हिरव्या पिशवीतली पिठी मिसळा. तिचा उपयोग एवढाच.

आंबेमोहोर संपला असेल तर मऊ भातासाठी थाई जस्मिन चालतो. नेहमीच्या भाताला मात्र एका वाटीला सव्वा वाटी पाणी पुरे, नाहीतर गोळा होतो.

नारळाचं दूध

घटकांत नारळ आणि पाणी एवढंच असलेला डबा सोलकढीसाठी उत्तम. घट्टपणासाठी ग्वार गम घातलेलं दूध रश्शात सहसा फुटत नाही, म्हणून ते आमटी-रश्शाला घ्या. सोलकढीसाठी ४०० मिलीच्या डब्यातल्या दुधात तेवढंच पाणी घाला. कोकमाचं आगळ खारट असतं, तेव्हा मीठ शेवटी, चाखून. थंडीत डब्यात वर घट्ट साय आणि खाली पाणी दिसतं. ते नासलेलं नसतं. डबा बंदच ठेवून कोमट पाण्यात दहा मिनिटं धरा आणि हलवा. ‘क्रीम ऑफ कोकोनट’ हा प्रकार मात्र साखर घातलेला, सरबतं-कॉकटेलसाठीचा आहे. त्याची सोलकढी होत नाही.

शाकाहारी ग्राहकांनी हे जरूर वाचावं

थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते, किमचीत (कोरियन आंबवलेल्या कोबीत) फिश सॉस किंवा सुकी कोळंबी, आणि जपानी सूप-नूडल्सच्या मसाल्यात बोनिटो माशाचा अर्क. पुढच्या बाजूला भाज्यांचं चित्र असलं तरी मागे पाहा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे मासे आणि कोळंबी-खेकडा वर्गातले घटक स्पष्ट लिहावे लागतात, एकतर यादीत किंवा खाली ‘कंटेन्स’ या शब्दापुढे. पण कालवं त्या सक्तीच्या यादीत येत नाहीत. म्हणून ऑयस्टर सॉस घातलेल्या पदार्थाच्या ‘कंटेन्स’ ओळीत फक्त सोया आणि गहू दिसू शकतात. त्या एका ओळीवर विसंबू नका, घटकांची पूर्ण यादी वाचा. मशरूमपासून केलेला शाकाहारी सॉसही असतो, पण बाटल्या दिसायला जवळपास सारख्याच. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी सोया सॉस आणि हिंग, दोन्ही तपासावेत. दोन्हींत बहुतेक वेळा गहू असतो.

तारखा

०३/०४/२७ हे भारतीय पाकिटावर ३ एप्रिल, अमेरिकन पाकिटावर ४ मार्च. चिनी पाकिटावर वर्ष आधी येतं, आणि ती तारीख अनेकदा उत्पादनाची असते. किती महिने टिकेल ते वेगळं छापलेलं असतं. मागची तारीख दिसली म्हणून माल जुना आहे असं धरू नका, काउंटरवर विचारा.

हापूस

भारतातून अमेरिकेत आंबा येतो तो विकिरण करून (कीड मारण्यासाठी किरणांचा मारा करून) आणि बहुतेक विमानाने, २००७ पासून. किमतीत या दोन्हींचा वाटा मोठा आहे. इतकी महाग पेटी न बघता नेऊ नका. काउंटरवरच उघडा, देठाजवळ काळा, मऊ डाग आहे का ते पाहा आणि असला तर तिथेच सांगा. घरी आंबे पेटीतून काढून एकमेकांना न लागता पसरा. देठाशी वास सुटून फळ किंचित दबेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत; कच्चा आंबा गारठला की नीट पिकत नाही आणि मग रसाला चव येत नाही.

बिल आणि पिशव्या

डाळ-तांदूळ, भाजी, पीठ यांवर राज्याचा विक्रीकर नाही. गोळ्या-चॉकलेटं, सोडा आणि उदबत्तीसारख्या वस्तूंवर ६.६२५ टक्के लागतो. ४ मे २०२२ पासून न्यू जर्सीत दुकानांना प्लास्टिकच्या कॅरीबॅग देता येत नाहीत. कापडी पिशव्या आणा. वीस पौंडांची, म्हणजे सुमारे नऊ किलोंची तांदळाची गोणी आम्ही गाडीपर्यंत पोचवू.