फ्लूची साथ आणि ‘चान्स’ घेणारी जोडपी : आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

तापाची गोळी मागणाऱ्या ताईंना आम्ही काउंटरवर “पाळी कधी आली होती?” असं विचारतो. काहींना राग येतो, शेजारी ओळखीचं कुणी उभं असेल तर जास्तच. म्हणून हे पत्रक. मोठ्यानं सांगायचं नसेल तर कागदावर ‘चान्स घेतोय’ एवढं लिहून द्या, पुरे.

विचारण्याचं कारण असं. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत घातला जातो. पाळी चुकल्याला जेमतेम दोन आठवडे होतात, तोवर हे काम उरकलेलंही असतं. याच दिवसांत जोराचा ताप अंगावर काढला तर त्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ताप उतरवायलाच हवा. त्यासाठी पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन किंवा ती मिसळलेली गोळी मात्र या काळात मनानं घेऊ नका. घरातल्या डब्यात उरलेल्या सर्दीच्या गोळ्यांचंही तेच. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करावं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते, पण ती तुम्हाला लागते का हे डॉक्टरांना ठरवू द्या.

साथ आहे म्हणून मूल पुढे ढकलावं का? पस्तिशी जवळ आली असेल तर वाट पाहण्यातही तोटा आहे, हे आमचं प्रामाणिक मत. पण गरोदरपणात फ्लू जड जातो, हे २००९च्या स्वाइन फ्लूनं जगभर दिसलं. दमा किंवा मधुमेह असेल तर आणखी जपावं लागतं. दम्याचा पंप दिवस राहिले म्हणून परस्पर बंद करू नका. लूमवर रुईच्या धुळीत काम करणाऱ्यांना तर हे आवर्जून सांगतो.

फ्लूची लस आधी घेतलेली बरी, कारण अंगात फ्लूशी लढायची ताकद यायला दोन आठवडे लागतात. इंजेक्शनची मृत विषाणूंची लस घेतल्यावर थांबायची गरज नाही, आणि पुढे दिवस राहिले तरी ती चालते. नाकात फवारायची जिवंत लस गरोदरपणात देत नाहीत. फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो, म्हणजे ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) गर्दीत. यात्रेला जाऊ नका असं सोलापुरात कोण कुणाला सांगणार? मास्क लावा, खोकणाऱ्यापासून लांब राहा, घरी आल्यावर साबणानं हात धुवा.

दादा, तुम्हीही. जोराच्या तापानं शुक्रजंतू दोन-तीन महिने मंदावू शकतात, तेव्हा तपासणीचा रिपोर्ट त्या काळातला असेल तर डॉक्टरांना ताप येऊन गेल्याचं सांगा. घरात मिसरी, गुटखा, विडी जे काही चालू असेल ते दोघांनीही सोडा. मिसरीला बायका तंबाखू समजत नाहीत, ती तंबाखूच आहे.

कणकण, खोकला, अंग मोडून येणं सुरू झालं की काढ्यावर दोन दिवस घालवू नका. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं आणि ते गरोदर बाईलाही देतात. चिठ्ठीशिवाय आम्ही देणार नाही, त्यावर वाद नको. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर पडले तर दुकानात न येता थेट सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात जा.

लस आमच्याकडून नेणार असाल तर येताना बर्फाचा डबा आणा. ती २ ते ८ अंशांत राहावी लागते, गोठली तरी वाया जाते, म्हणून बर्फाला थेट टेकवू नका. डॉक्टरांची वेळ आधी घ्या, मगच दुकानात या.