विजासनच्या टेकडीवरील बुद्ध: देऊळ, लेणे की विहार?

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या विजासन टेकडीत सरळ आत जाणारे एक दालन आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन दालने कोरलेली असून त्यांच्या शेवटी बुद्ध बसलेले आहेत. विदर्भातील बौद्ध परंपरा या लेण्याहूनही जुनी आहे. पवनीचे स्तूप १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आले, तर देवटेकच्या शिळेवर मौर्यकाळातील प्राणिहत्याबंदीचा लेख आहे. सातव्या शतकात दक्षिण कोसल या प्राचीन राज्यात आलेल्या ह्युएन त्सांग या चिनी भिक्षूने वर्णिलेली राजधानी काही इंग्रज अभ्यासकांनी चांदा-भांदक (आजचे चंद्रपूर-भद्रावती) परिसरात शोधली. पुढे अभ्यासकांचा कल छत्तीसगडमधील सिरपूरकडे झुकला.

अशा झाडीतल्या ठिकाणाला काय म्हणावे, हा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. सरसकट ‘प्राचीन बुद्ध मंदिर’ म्हटले जाते, ते योग्य वाटत नाही, कारण देऊळ दगडावर दगड रचून उभारतात आणि लेणे डोंगरातून दगड काढून घडवतात. ‘विहार’ या शब्दाबाबत आक्षेप असा घेतला जातो की, विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान आणि वंदनेची जागा म्हणजे चैत्य. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीवस्तीत उभ्या राहिलेल्या वंदनास्थळांना विहार म्हणण्याची नवी रूढी जुन्या लेण्यांवर लादू नये, असेही म्हटले जाते. हा आक्षेप अपुरा आहे. पाचव्या शतकात अजिंठ्याच्या विहारांतच मागच्या भिंतीत गाभारा कोरून बुद्धमूर्ती घडवण्यात आली, म्हणजे निवास आणि वंदना एकाच छताखाली येण्याची रीत दीड हजार वर्षांची आहे. गावकरी ज्या अर्थाने विहार म्हणतात, तो अर्थ या जुन्या रीतीच्या अगदी जवळचा आहे.

नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चंद्रपुरातही धम्मदीक्षा झाली आणि पुढील पिढ्यांचे या लेण्याशी असलेले नाते बदलले. भोवती कोळसा खाणी आणि आयुध निर्माणी आली. तरीही पांढरी वस्त्रे नेसलेली कुटुंबे बुद्धपौर्णिमेला टेकडी चढतात, दालनाच्या अंधारात मेणबत्ती लावतात आणि त्रिशरण-पंचशील म्हणतात.