पाठ झालेला पारा कुठे निसटतो?

हाफिजांबद्दल, म्हणजे संपूर्ण कुरआन पाठ असणाऱ्यांबद्दल, दोन समज हमखास ऐकू येतात. पहिला, त्यांची स्मरणशक्ती जन्मजातच अफाट असते. दुसरा, कुरआन एकदा पाठ झाला की जन्मभर तसाच राहतो. दुसरा समज ऐकून तर कुठल्याही हाफिजाला हसू येईल. दावे सोडवून उंट पळतो त्याहून कुरआन लवकर निसटतो, म्हणून त्याची उजळणी सोडू नका, या अर्थाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस (वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. विस्मरणाच्या शास्त्राला तेच आकड्यांत मांडायला १८८५ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचे. तासाभराने बचत ४४ टक्के, दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. घसरण सुरुवातीला कड्यासारखी, पुढे उतारासारखी. कुरआनच्या आयतींना (वचनांना) लय आणि अंत्ययमक असल्याने त्या निरर्थक अक्षरांपेक्षा खूपच चांगल्या टिकतात, पण आलेखाचा आकार तोच राहतो.

आता पसारा पाहा. ११४ सूरा (अध्याय), ३० पारे (पाठांतराच्या सोयीचे जवळपास सारखे भाग), प्रचलित गणनेप्रमाणे ६२३६ आयती, सुमारे ७७ हजार शब्द. पंधरा ओळींच्या मदनी मुसहफात (कुरआनच्या छापील प्रतीत) ६०४ पाने, म्हणजे एका पाऱ्याला साधारण २०. आणि पाठ करणाऱ्यांतल्या बहुसंख्यांची मातृभाषा अरबी नाही.

भारतीय उपखंडातल्या मदरशांत रोजच्या कामाचे तीन भाग असतात. सबक म्हणजे नवा धडा, काही ओळींपासून एका पानापर्यंत. सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचे धडे, बहुतेक वेळा चालू पाऱ्याचा पाठ झालेला भाग. मंजिल म्हणजे जुने पारे, रोज एक किंवा अधिक. १८९७ साली अडोल्फ योस्टने मांडलेला नियम इथे चपखल बसतो: सारख्याच पक्क्या दोन आठवणींपैकी जी वयाने लहान, ती लवकर झिजते. म्हणून सबकी रोज आणि मंजिल फेरीने. ‘६० दिवसांत हिफ्ज’ (संपूर्ण पाठांतर) अशा जाहिराती याच नियमावर आपटतात. ६०४ पाने भागिले ६० म्हणजे रोज दहा नवी पाने. मंजिलला वेळच उरत नाही, आणि एकसष्टाव्या दिवशी हातात असतात ती सगळी कोवळी पाने.

उजळणी मुसहफ उघडून करावी की मिटून? मिटूनच. कार्पिके आणि रोडिगर यांनी २००८ साली ४० स्वाहिली शब्दांवर प्रयोग केला. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांची पुन्हापुन्हा चाचणी झाली त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के आठवले. ज्यांनी तो शब्द नुसता पाहत राहण्याचा अभ्यास केला, पण चाचणी दिली नाही, त्यांना जेमतेम एकतृतीयांश. डोळ्यांसमोर पान असले की सगळे येते असे वाटते, कारण ओळखणे सोपे आणि आठवणे कठीण. म्हणून नमाजात उभे राहून म्हटलेले पाव पान बैठकीत पाहून वाचलेल्या दोन पानांपेक्षा मोलाचे. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजात, इमामाच्या मागे उभा असलेला सामे (ऐकणारा) चुकीच्या जागी लगेच लुकमा देतो, म्हणजे बरोबर शब्द सांगतो. त्यामुळे चूक घोटली जाण्याआधीच दुरुस्त होते. एकट्याने भरभर म्हणणाऱ्याच्या बाबतीत उलटे घडते: तो रोज तीच चूक पक्की करत असतो.

या साऱ्यात खरी गंमत आहे ती मुतशाबिहातांची, म्हणजे एकमेकींसारख्या आयतींची. पाठांतरात प्रत्येक तुकडा पुढच्याची खूण असतो. ‘अ’ म्हटले की ‘ब’ येते. पण एका सूरेत ‘अ’नंतर ‘ब’ आणि दुसरीत ‘अ’नंतर ‘क’ येत असेल, तर एकाच खुणेवर दोघांचा हक्क होतो. रेल्वेचे सांधे जसे. गाडी कुठल्या रुळावर जाईल हे सांधा कुठे वळवला आहे यावर ठरते, आणि तो वळवते त्या क्षणी जास्त घोटलेली वाट. हाफिज दुसऱ्या सूरेतून निघून सातवीत जाऊन पोचतो, तेही न अडखळता. मदरशांत ‘अटकन’ आणि ‘गलती’ असा फरक करतात तो इथे कामाचा. अडकलेल्याला आपण अडकलो हे कळते, पण चुकीच्या रुळावर सुसाट चाललेल्याला काहीच कळत नाही.

सूरा रहमानमध्ये ७८ पैकी ३१ आयती एकच ध्रुवपद आहेत. सूरा शुअरामध्ये दोन आयतींची जोडी आठ वेळा येते. ध्रुवपद स्वतः कधी चुकत नाही, चुकते ते त्याच्यानंतरचे, कारण ३१ ठिकाणी खूण तीच. सूरा बकरा २:४८ मध्ये आधी शफाअत (शिफारस) आणि मग अद्ल (मोबदला) येते, २:१२३ मध्ये क्रम उलटा. सूरा बकरा २:५८ आणि सूरा आराफ ७:१६१ यांतही ‘दारातून नमून आत जा’ आणि ‘हित्ततुन (क्षमायाचनेचा शब्द) म्हणा’ यांची अदलाबदल होते.

१९५७ साली बेंटन अंडरवूडने जुन्या प्रयोगांची छाननी करून दाखवले की पहिलीच यादी पाठ करणारे एका दिवसात सुमारे पाव भाग विसरतात, तर आधी बऱ्याच याद्या पाठ केलेले तीनचतुर्थांश. अपराधी काळ नव्हे, आधीच साठलेला सारखा माल. अठ्ठाविसावा पारा पाठ करणाऱ्याने पहिल्या पाऱ्याच्या दिवसांची आठवण काढून खंतावू नये. मेंदू थकलेला नाही, सांधे वाढले आहेत. आणखी एक खोच अशी की नव्या वाटेने जुनी दबते, पण ती मिटत नाही, काही दिवसांनी ती आपोआप उसळी घेते. सबकाच्या दिवशी बिनचूक म्हटलेली आयत तीन आठवड्यांनी जुन्या बहिणीच्या वळणावर जाते ती यामुळे.

यावर ती आयत शंभरदा घोकणे हा उपाय नाही, कारण घोकताना स्पर्धक आयत समोर नसते. दोन्ही शेजारी मांडायच्या आणि फरकाला स्वतंत्र खूण द्यायची. अनआम ६:१५१ मध्ये ‘गरिबीमुळे’ मुलांना मारू नका, ‘नहनु नर्जुकुकुम व इय्याहुम’, तुम्हाला आणि त्यांना आम्ही देतो. इस्रा १७:३१ मध्ये ‘गरिबीच्या भीतीने’ मारू नका, ‘नर्जुकुहुम व इय्याकुम’, त्यांना आणि तुम्हाला. पहिल्यात गरिबी आत्ताच दारात आहे, म्हणून आई-बाप आधी. दुसऱ्यात ती पुढची काळजी आहे, म्हणून मुले आधी. ‘खश्यत’ (भीती) शब्द आला की ‘हुम’ (त्यांना) आधी, एवढे कळले की सांधा आपोआप वळतो. मग फरकाच्या दोन आयती आधीपासून दोन आयती पुढेपर्यंत, अशा पट्ट्या आळीपाळीने म्हणायच्या: आज पाच वेळा, उद्या अचानक, आठवड्याने दोन्ही उलट क्रमाने. अर्थ न कळणाऱ्यालाही एवढा एक शब्द पुरतो. बदाम, चूर्ण आणि ताईत यांचा सांध्यावर काहीही परिणाम होत नाही, आणि ‘फोटोग्राफिक मेमरी’ विकणाऱ्यांनी ती प्रौढांत असल्याचा ठोस पुरावा अजून दिलेला नाही.

वेळापत्रकाचा हिशेब सोपा आहे. रोज एक पारा म्हणजे महिन्याला एक फेरी, वेगाने म्हटले तर साधारण अर्धा ते पाऊण तास. आठवड्यात पुरे करायचे असेल तर कुरआनचे ठरलेले सात भाग, त्यांनाही मंजिलीच म्हणतात, तयार आहेत, फातिहा, माइदा, यूनुस, बनी इस्राईल (म्हणजेच इस्रा), शुअरा, साफ्फात आणि काफ या सूरांपासून सुरू होणाऱ्या. पण सगळ्या पानांना सारखाच वेळ देणे उधळपट्टी आहे. तिसावा पारा रोजच्या नमाजांमुळे पक्का असतो आणि मधले पारे उपाशी राहतात, त्यातून फेरी मोडली की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायची सवय असेल तर आणखीच. ज्या पानात एकही गलती नाही आणि फार तर एक अटकन आहे ते महिन्याच्या फेरीत ठेवावे. बाकीची उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. खूण पेन्सिलीने, आणि कायम त्याच एका मुसहफावर, कारण ओळीची पानावरची जागा हीसुद्धा एक खूणच असते. रमजानपुरती उजळणी करणाऱ्यांना मध्ये अकरा महिन्यांची फट पडते, तिला कुठलीच युक्ती पुरत नाही.

निसटलेला पारा मात्र ओळीओळीने नव्याने पाठ करू नये. एबिंगहाउसची ‘बचत’ इथे हाताशी असते. आधी न पाहता, जमेल तसा पूर्ण म्हणावा, ऐकणाऱ्याने खुणा कराव्यात आणि मग फक्त त्या खुणांवर काम करावे. खुणा बहुतेक ठिकाणी सांध्यांवर पडतील, नाहीतर पान उलटण्याच्या जागी. हाफिजी मुसहफात (पाठांतरासाठीच्या प्रतीत) प्रत्येक पान आयत संपवूनच संपते, त्यामुळे पान आणि आयत एकदमच तुटतात आणि पुढच्या पानाची पहिली ओळ कुणालाच बांधलेली राहत नाही. सबक देताना उस्तादांनी शेवटी ती एक ओळ जोडून घेतली की हा भेग पडणारा सांधा पहिल्याच दिवशी भरला जातो.