डिजिटल ऑसिलेटर

सिंथेसायझरमधील मूळ ध्वनितरंग आकडेमोडीने तयार करणारा भाग. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरमध्ये विद्युतदाब अखंड वरखाली होत असतो. डिजिटल ऑसिलेटर मात्र समान अंतराने एकेक आकडा, म्हणजे सॅम्पल, देतो. सेकंदाला सहसा ४४,१०० किंवा ४८,०००. फिल्टर (ठरावीक वारंवारता गाळणारा भाग), एन्व्हलप (स्वराचा चढउतार ठरवणारा भाग) इत्यादींतून गेल्यावर डॅक, म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, या आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर करतो. त्यामुळे डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे: डॅकनंतरचा फिल्टर त्या पायऱ्या पुसून सलग तरंग बाहेर सोडतो. डिजिटल ऑसिलेटरचा खरा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो.

बहुतेक डिजिटल ऑसिलेटरच्या गाभ्याशी फेज अ‍ॅक्युम्युलेटर नावाचा मोजक असतो. तरंगाचे चालू आवर्तन कुठवर आले, एवढेच तो लक्षात ठेवतो. दर सॅम्पलला त्यात एक ठरलेली संख्या मिळवतात. बेरीज मोजकात मावेनाशी झाली की वरचा हातचा गळून पडतो आणि नवे आवर्तन सुरू होते. मिळवायची संख्या वाढवली की सूर चढतो, घटवली की उतरतो. ४४,१०० च्या दराला ४४० हर्ट्‌झचा सूर हवा असेल, तर ३२ बिटांच्या मोजकात ही संख्या सुमारे ४,२८,५२,२८१ येते. तीत १ मिळवला तर सूर जेमतेम एका हर्ट्‌झच्या लाखाव्या भागाने हलतो. तापमान बदलले की सूर सरकण्याची अ‍ॅनालॉग ऑसिलेटरची जुनी खोड इथे राहत नाही, कारण सगळा हिशेब क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या ठोक्यावर चालतो.

मोजकातला आकडा जसाच्या तसा बाहेर काढला तरी करवती (सॉटूथ) तरंग मिळतो. तो निम्म्याच्या वर आहे की खाली, एवढे पाहिले की चौकोनी तरंग. साइन किंवा त्याहून गुंतागुंतीच्या आकारासाठी एका आवर्तनाचा तक्ता, म्हणजे वेव्हटेबल, स्मृतीत साठवतात. तक्त्यात २,०४८ घरे असली, तर वरच्या उदाहरणात दर सॅम्पलला सुमारे २०.४३ घरे पुढे जावे लागते. अपूर्णांक आला की शेजारच्या दोन घरांमधली किंमत इंटरपोलेशनने काढतात. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये आयबीएम ७०४ संगणकावर ‘म्युझिक’ हा प्रोग्राम चालवला, तेव्हा त्यात फक्त त्रिकोणी तरंग होता. तक्ता वाचणारा ऑसिलेटर पुढच्या आवृत्त्यांत आला. जर्मनीच्या वोल्फगांग पाम यांनी पीपीजी वाद्यांत असे अनेक तक्ते ओळीने ठेवून सूर चालू असतानाच एकातून दुसऱ्यात सरकण्याची सोय केली. त्यामुळे आवाजाचा पोत हलता झाला.

आता मुख्य अडचण. सॅम्पल दराच्या निम्म्याहून, म्हणजे ४४,१०० च्या बाबतीत २२,०५० हर्ट्‌झहून, वरची वारंवारता आकड्यांत मांडता येत नाही. ती नाहीशी मात्र होत नाही, दुमडून खाली येते. यालाच अलायझिंग म्हणतात. ५,००० हर्ट्‌झचा करवती तरंग घेतला तर त्याचे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले घटक, १०,०००, १५,०००, २०,००० असे चढत जातात. पाचवा २५,००० वर असायला हवा, तो १९,१०० वर ऐकू येतो. आठवा ४०,००० चा थेट ४,१०० वर, मूळ सुराच्याही खाली. सूर ५,०१० वर नेला की हाच आठवा ४,०२० वर घसरतो. स्वर चढत असताना आत काहीतरी उलट दिशेने उतरत जाणे कानाला फार खटकते. मोजकाचा आकडा जसाच्या तसा वापरणे म्हणूनच वरच्या सप्तकांत चालत नाही. चांगला ऑसिलेटर कोणता, हे तिथेच कळते.

यावर उपाय अनेक आहेत. दर सप्तकाला वेगळा तक्ता ठेवून त्यात मर्यादेत बसतील तेवढेच हार्मोनिक भरता येतात. पॉलीब्लेप पद्धतीत तरंग एकदम तुटतो त्या जागेच्या आसपासची मोजकी सॅम्पले दुरुस्त करतात. काम हलके आणि परिणाम पुष्कळ, म्हणून सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये ती लोकप्रिय आहे. ओव्हरसॅम्पलिंगमध्ये कितीतरी जास्त दराने गणित करून नंतर गाळून दर उतरवतात.

एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतीत एका साइन ऑसिलेटरने दुसऱ्याच्या फेजला, म्हणजे आवर्तनातील स्थानाला, ढकलून समृद्ध आवाज काढतात. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९७३ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये दर स्वराला असे सहा ऑसिलेटर होते आणि १६ स्वर एकदम वाजत. इथे एक ऑसिलेटर दुसऱ्याला किती ढकलतो त्यावर हार्मोनिक किती वर जातील हे ठरते, त्यामुळे आधी गाळून ठेवलेला तक्ता उपयोगी पडत नाही. वरच्या स्वरांना ढकलण्याचे प्रमाणच कमी ठेवावे लागते.