महाविद्यालयीन ग्रंथालयांची सूचनासेवा (मुंबई)

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नवे काय दाखल झाले, घेतलेल्या पुस्तकाची मुदत कधी संपते, वाचनकक्ष कोणत्या वेळेत उघडा राहील आणि अभ्यासाला लागणारे साधन कोठे मिळेल, हे विद्यार्थ्याला वेळेवर कळवण्याच्या व्यवस्थेला सूचनासेवा म्हणतात. ग्रंथालयशास्त्रात या सेवेची दोन रूपे मानली जातात. सर्व वाचकांना नव्या साहित्याची ओळख करून देणारी ती प्रचलित जागरूकता सेवा. आणि एखाद्या वाचकाचा विषय ध्यानात घेऊन त्याच्यापुरती निवडलेली माहिती पुरवणारी ती निवडक माहिती प्रसारण सेवा. दुसऱ्या सेवेची संगणकाधारित कल्पना आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा चौथा सिद्धांत दोन्ही सेवांच्या मुळाशी आहे.

मुंबईत या सिद्धांताला विशेष वजन आहे. विरार, बदलापूर किंवा पनवेलहून लोकलने माटुंग्याच्या अथवा चर्चगेटच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याचे रोजचे कित्येक तास प्रवासात जातात. एवढे अंतर कापून आल्यावर साठापडताळणीसाठी देवघेव बंद असल्याचे दारावर वाचावे लागले, तर त्याचा दिवस वाया जातो. दुसरे कारण घरांच्या आकाराचे आहे. चाळीतल्या एका खोलीत किंवा लहानशा सदनिकेत पाच-सहा माणसांसोबत राहणाऱ्या मुलांना अभ्यासाला शांत जागा म्हणून महाविद्यालयाच्या वाचनकक्षाचाच आधार असतो, आणि परीक्षेच्या काळात तो किती वाजेपर्यंत उघडा आहे ही त्यांच्या दृष्टीने ग्रंथालयाकडून मिळणारी सर्वांत महत्त्वाची बातमी असते. पावसाळ्यात लोकल बंद पडण्याचे दिवसही यात धरावे लागतात. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झालेला २६ जुलै २००५ हा दिवस अपवादात्मक होता. तथापि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की रुळांवर पाणी साचणे शहराच्या ओळखीचे आहे. अशा सकाळी विद्यार्थी घरातून निघण्यापूर्वी सूचना पोहोचली तरच तिचा उपयोग होतो.

मुंबईतील महाविद्यालयीन शिक्षणाची परंपरा १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाहूनही जुनी आहे. विल्सन महाविद्यालयाचा आरंभ १८३२ चा मानला जातो. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८६९ ते १८७८ या काळात विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा उभा राहिला. पुढे शहराच्या विस्ताराबरोबर दादर, माटुंगा, पार्ले, मुलुंड अशा भागांतून महाविद्यालये निघाली आणि प्रत्येकाने आपापला ग्रंथसंग्रह उभारला.

संगणक येण्यापूर्वी सूचनासेवेची साधने थोडी होती, पण ती जाणीवपूर्वक वापरली जात. शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गांत फिरे, शिकवणारे प्राध्यापक तास थांबवून सूचना वाचून दाखवत आणि वहीत सही करत. ग्रंथालयाच्या प्रवेशद्वाराजवळील फलकावर नव्या पुस्तकांची वेष्टने लावली जात, जेणेकरून जाता-येता मुलांची नजर त्यांवर पडावी. वृत्तपत्रांतील कात्रणे विषयवार फायलींत ठेवली जात, नव्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिकांच्या प्रती प्राध्यापकांकडे पाठवल्या जात, आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे बांधलेले संच देवघेव खिडकीवर मागितले की मिळत. यांतील सूचनावहीचा एक गुण नंतरच्या साधनांत क्वचितच आला. प्राध्यापकाने स्वतःच्या तोंडून पुस्तकाचे नाव घेतले की त्या पुस्तकाला मागणी येते, हा बहुतेक ग्रंथपालांचा अनुभव आहे आणि तो आजही खरा ठरतो.

संगणकीकरणाने या व्यवस्थेचा पाया बदलला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा उपक्रम म्हणून १९९१ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९६ पासून स्वायत्त आंतरविद्यापीठ केंद्र असलेल्या इन्फ्लिबनेट या संस्थेने (सध्या गांधीनगर) ‘सोल’ ही ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली तयार केली, आणि देशभरातील अनेक महाविद्यालयांनी ती स्वीकारली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार झालेली आणि २००० पासून वापरात असलेली ‘कोहा’ ही मुक्त स्रोत (कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येणारी) प्रणालीही भारतात रुळली आहे. अशा प्रणालीत पुस्तकाची नोंद, सभासदाची नोंद आणि देवघेवीची नोंद एकमेकींशी जोडलेली असल्याने सूचना आपोआप निघू शकते. मुदत संपण्याच्या किती दिवस आधी आठवण द्यायची हे कोहामध्ये ठरवता येते. राखून ठेवलेले पुस्तक परत आले की मागणाऱ्याला ईमेल जातो. मुदत उलटल्यावर विलंब शुल्काची सूचना जाते. मात्र सभासदाच्या नोंदीत त्याचा चालू ईमेल पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक असला पाहिजे. प्रवेशाच्या घाईत चुकीचा भरलेला, पालकांचा किंवा एखाद्या सायबर कॅफेत कोणीतरी तयार करून दिलेला पत्ता तसाच राहिला, तर सर्व स्वयंचलित सूचना अशा पेटीत साचतात जी कोणी उघडत नाही. जून-जुलैमध्ये ओळखपत्र देताना विद्यार्थ्यासमोरच पत्ता तपासून घेण्याचे काम कंटाळवाणे आहे. वर्षभराची सूचनासेवा त्यावरच उभी असते.

ओपॅक म्हणजे वाचकांसाठी खुली असलेली ऑनलाइन तालिका. तिच्यामुळे पुस्तक आहे की बाहेर गेले आहे हे विद्यार्थ्याला घरबसल्या पाहता येते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत येथे एक अडचण दीर्घकाळ टिकून आहे. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी मराठी शीर्षके रोमन लिपीत, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लिप्यंतराने नोंदवली गेली. काही ठिकाणी ती युनिकोड या सर्व संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या आधीच्या फाँटांत टंकित झाली आणि नव्या प्रणालीत आणताना त्यांची अक्षरे बिघडली. युनिकोड आल्यावरही ‘ॲ’ हे अक्षर दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित करता येते, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडतो, आणि काटेकोर शोध घेणारी तालिका ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे उत्तर देते, जेव्हा ते समोरच्या कपाटात असते. मराठी विभाग असलेल्या महाविद्यालयांनी जुन्या नोंदी देवनागरीत शुद्ध करून घेणे आणि लेखकनामाचे प्रचलित पर्याय नोंदीत जोडणे हाच यावरचा उपाय आहे. तो वेळखाऊ आहे, तरीही त्यावाचून मराठी वाचकाला त्या तालिकेचा पुरता लाभ मिळत नाही.

ई-साधनांच्या बाबतीत सूचनासेवेचे महत्त्व सर्वाधिक जाणवते. इन्फ्लिबनेटमार्फत चालणाऱ्या एन-लिस्ट या योजनेत वार्षिक शुल्क भरणाऱ्या महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके आणि दीड लाखाहून अधिक ई-ग्रंथ मिळतात. महाविद्यालयाच्या वतीने ग्रंथपाल विद्यार्थ्यांची यादी भरतो, प्रत्येकाचे खाते तयार होते आणि संकेतशब्द ईमेलने जातो. त्यानंतर घरून, लोकलमधून, कोठूनही ही साधने वापरता येतात. छापील पुस्तक कपाटात दिसते, हाताशी लागते. ई-ग्रंथ दिसत नाही. तो आहे हे कोणी सांगितले नाही तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो नाहीच. एन-लिस्टचे शुल्क नियमित भरूनही बहुसंख्य मुलांनी एकदाही प्रवेश केला नाही, अशी स्थिती ओढवते ती यामुळे. संकेतशब्दाचा ईमेल नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात जातो, किंवा तो कशाचा हे मुलाला कळत नाही. ज्या ग्रंथालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना वीस-वीसच्या गटांनी बोलावून त्यांच्याच मोबाइलवर पहिला प्रवेश करून घेतला जातो आणि त्यांच्या चालू प्रकल्पाला लागणारा एक लेख शोधून दाखवला जातो, तेथे या साधनांना खरा वाचक मिळतो. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा ज्यांची खाती आधीपासून चालू होती त्यांचे वाचन खंडित झाले नाही. इतरांसाठी ग्रंथपालांनी घरी बसून, एकेका विद्यार्थ्याशी दूरध्वनीवर बोलून खाती सुरू करून दिली. ते काम नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेले आणि १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, तसेच पीएच.डी. प्रबंधांचा शोधगंगा हा संग्रह, ही साधने विनाशुल्क आहेत. ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके येतात. मात्र ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी असल्यामुळे, खासगी संस्थांनी चालवलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला आपल्याला नेमके काय खुले आहे, हे त्याच्या ग्रंथपालानेच स्पष्ट सांगावे लागते.

दैनंदिन सूचनांसाठी सर्वाधिक वापर व्हॉट्सॲपचा होतो. वर्गनिहाय गट, वर्ग प्रतिनिधींमार्फत पुढे जाणारा संदेश आणि एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणारी प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) या तीन पद्धती रूढ आहेत. प्रसारण यादीतील संदेश ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच मिळतो, हे लक्षात न घेतल्यास निम्मा वर्ग सूचनेपासून वंचित राहतो. गटात प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो, आणि विद्यार्थिनींना त्याचा त्रास होऊ शकतो; म्हणून अनुयायांचे क्रमांक एकमेकांना न दाखवणारे चॅनेल ग्रंथालयासाठी अधिक योग्य. मुंबईतील बहुतेक जुन्या महाविद्यालयांना अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद असल्याने कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे क्रमांक गोळा करताना ग्रंथालयाने अधिक काळजी घेणे आवश्यक आहे. लघुसंदेशाचा (एसएमएस) मार्गही खुला आहे, परंतु दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव व मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागत असल्याने तो सहसा महाविद्यालयाच्या कार्यालयामार्फतच वापरला जातो.

संदेशाचे रूप हाही विचाराचा भाग आहे. रंगीत भित्तिपत्रकाचे चित्र पाठवण्याची प्रथा सर्वत्र आहे. पण चित्रातील अक्षरे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पडदावाचक प्रणालीला बहुधा वाचता येत नाहीत, आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्यापर्यंत ती सूचना पोहोचतच नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र साधन केंद्र चालते, आणि असे विद्यार्थी शहरातील इतर महाविद्यालयांतही शिकतात. चित्रासोबत तोच मजकूर युनिकोड मराठीत लिहून पाठवला की हा अडथळा दूर होतो, आणि तो मजकूर पुढे शोधताही येतो.

किती सूचना पाठवाव्यात याबाबत ग्रंथपालांत मतभेद आहेत. रोज सुविचार, दिनविशेष आणि वृत्तपत्रांच्या पीडीएफ पाठवणाऱ्या गटाचे संदेश विद्यार्थी लवकरच मूक करून टाकतात, आणि मग परीक्षेच्या वेळेचा बदलही त्यांच्या नजरेतून सुटतो. आठवड्यातून ठरलेल्या वारी एक संदेश, त्यात तीन-चार निवडक नोंदी, आणि तातडीची सूचना तेवढी वेगळी, ही पद्धत अधिक टिकाऊ वाटते. १२ ऑगस्टचा राष्ट्रीय ग्रंथपाल दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यांनिमित्त होणाऱ्या ग्रंथप्रदर्शनांच्या सूचनांना मात्र चांगला प्रतिसाद मिळतो, कारण त्यांत प्रत्यक्ष पुस्तके हाताळायला मिळतात. आपल्या संग्रहात नसलेले पुस्तक एशियाटिक सोसायटीत किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादर येथील संदर्भ विभागात पाहता येईल, हे सांगणे आणि त्यासाठी परिचयपत्र देणे हेही सूचनासेवेत मोडते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला याचा मोठा उपयोग होतो.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) मूल्यांकनात ग्रंथालयाचे संगणकीकरण, ई-साधनांची वर्गणी आणि वापर यांची विचारणा होत असल्यामुळे महाविद्यालये याच्या नोंदी ठेवतात. पाठवलेल्या संदेशांची संख्या मोजणे सोपे असते. त्या संदेशानंतर किती प्रती घरी गेल्या, किती लेख डाउनलोड झाले, हे देवघेवीच्या व वापराच्या अहवालांशी ताडून पाहणे अवघड असले तरी ग्रंथपालाला पुढच्या वर्षीची वर्गणी व खरेदी ठरवताना तेच उपयोगी पडते.

शेवटच्या सत्रात ‘नो ड्यूज’ दाखला देताना विद्यार्थ्याचे क्रमांक याद्यांतून काढले जातात आणि एन-लिस्टचे खाते बंद केले जाते, कारण ते चालू विद्यार्थी व अध्यापकांपुरते असते. काही महाविद्यालये अनामत घेऊन माजी विद्यार्थ्यांना वाचनकक्षाचे सभासदत्व देतात. त्यांच्यासाठी नव्या ग्रंथांच्या सूचनांची यादी स्वतंत्र ठेवावी लागते.